जेरी ब्राऊन: १६ वर्षं गव्हर्नर, मध्ये २८ वर्षांचा खंड

पिंपळपान
कॅलिफोर्नियाचा कारभार सर्वात जास्त काळ पाहिलेला गव्हर्नर म्हणजे जेरी ब्राऊन. १९७५ ते १९८३ आणि पुन्हा २०११ ते २०१९. पहिली शपथ घेतली तेव्हा वय ३६, शेवटची टर्म संपली तेव्हा ८०. हा विक्रम आता मोडलाही जाणार नाही, कारण १९९० पासून एका माणसाला आयुष्यात दोनच टर्म मिळतात. तो नियम मागच्या टर्मना लागू नव्हता, म्हणून ब्राऊनला परत उभं राहता आलं.

माझं मत स्पष्टच मांडतो. पहिला ब्राऊन हुशार होता पण कारभारी नव्हता. दुसरा ब्राऊन अमेरिकेतल्या गेल्या पन्नास वर्षांतल्या उत्तम गव्हर्नरांपैकी एक. हा फरक पडला तो मधल्या काळामुळे. जपानमध्ये झेन शिकला, कोलकात्यात मदर तेरेसांच्या आश्रमात मरणासन्न माणसांची सेवा केली, १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी लढताना १०० डॉलरच्या वर देणगी घेतली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १९९९ ते २००७ ओकलंडचा महापौर झाला. राज्य चालवून झालेला माणूस शहराच्या गटारांचे आणि खुनांचे आकडे बघत बसला. असं कोण करतं?

त्याच्या राज्यात, पहिल्या किंवा दुसऱ्या, जे राहिलेत त्यांनी लिहा. पटत नसेल तर जरूर भांडा.

टिंबटिंब
रुमाल टाकून ठेवतोय. आबा येतीलच आता.

शेवंती
मी नाशिकला असते, त्यामुळे बाळबोध प्रश्न: तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखाच ना?

पिंपळपान
@शेवंती, साधारण तसंच, पण तो थेट लोकांमधून निवडून येतो, त्यामुळे आमदारांनी पाठिंबा काढला म्हणून पडत नाही. शिवाय कॅलिफोर्नियात गव्हर्नर अर्थसंकल्पातला एखादाच खर्च खोडून बाकीचा मंजूर करू शकतो. फार मोठं हत्यार आहे ते. ब्राऊनने तर जून २०११ मध्ये आपल्याच पक्षाने पाठवलेला अख्खा अर्थसंकल्प परत धाडला. त्या राज्यात तसं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

आबा_सनीव्हेल
टिंबटिंब, आलो.

मी १९७९ साली सनीव्हेलला आलो. तेव्हा ही सगळी सिलिकॉन व्हॅली नव्हती, निम्म्या जागेत जर्दाळूच्या आणि प्लमच्या बागा होत्या. १९८० च्या उन्हाळ्यात सॅन होजेत फळमाशी सापडली, मेडफ्लाय म्हणतात ती. फळाच्या आत अंडी घालते, वरून कळत नाही. एक वर्ष जमिनीवरून उपाय चालले. आमच्या मागच्या अंगणात जर्दाळूचं एक झाड होतं. सरकारी हुकूम आला की फळं उतरवून टाका. पिकायला आलेली फळं आम्ही पिशव्यांत भरून कचऱ्यात दिली.

जुलै १९८१ मध्ये प्रश्न आला हेलिकॉप्टरमधून मॅलाथिऑन फवारायचं का. ब्राऊन आधी नाही म्हणाला. लोकवस्तीवर कीटकनाशक टाकायला तो तयार नव्हता आणि आमच्यासारख्या इथे राहणाऱ्यांना ते बरंच वाटलं. पण रेगन सरकारच्या कृषीमंत्र्यांनी धमकी दिली की फवारणी नाही तर कॅलिफोर्नियाच्या फळांवर बंदी घालू. दोन-तीन दिवसांत ब्राऊन फिरला. शेतकरी चिडले की उशीर केला, आम्ही चिडलो की शब्द फिरवला.

ते औषध एका चिकट आमिषात मिसळलेलं असे आणि गाडीचा रंग खाई. संध्याकाळ झाली की अख्ख्या गल्लीत गाड्यांवर जुन्या चादरी पडायच्या. रात्री हेलिकॉप्टर ओळीने, अगदी छपरांवरून जायची. घराच्या काचा थरथरायच्या. माझी बायको तेव्हा गरोदर होती, तिला मी मैत्रिणीकडे सॅक्रामेंटोला पाठवलं. ब्राऊनच्याच सरकारातला एक अधिकारी, बी. टी. कॉलिन्स, पातळ केलेलं मॅलाथिऑन पत्रकारांसमोर प्यायला. घाबरू नका हे दाखवायला. माझी बायको म्हणाली, त्याला पिऊ दे, मी येत नाही.

पुढच्या वर्षी ब्राऊन सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पीट विल्सनकडून हरला. माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांनी त्या माशीपायी त्याला मत दिलं नाही. म्हणून पिंपळपान, पहिल्या ब्राऊनबद्दलचं तुमचं मत मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल नंतर लिहितो.

शेवंती
आबा, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

गणिती
पिंपळपान, धागा छान, पण झेन आणि कोलकाता बाजूला ठेवू या. मला हे चरित्र-घडण प्रकरण पटत नाही. दुसऱ्या ब्राऊनच्या यशाचं मोठं कारण नियम बदलले हे आहे.

१९३० च्या दशकापासून कॅलिफोर्नियात अर्थसंकल्प मंजूर करायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागायची. म्हणजे एक-तृतीयांश विरोधक सगळं अडवून बसू शकत. २००९ मध्ये राज्याने देणेकऱ्यांना पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्या. २०१० चा अर्थसंकल्प १०० दिवस उशिरा, ऑक्टोबरमध्ये झाला. तेव्हाचा गव्हर्नर श्वार्झनेगर काही मूर्ख नव्हता, पण त्याचे हात बांधलेले होते.

नोव्हेंबर २०१० मध्ये ज्या दिवशी ब्राऊन मेग व्हिटमनला हरवून निवडून आला, त्याच दिवशी मतदारांनी प्रॉप २५ मंजूर केलं (प्रॉप म्हणजे थेट लोकांच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव). अर्थसंकल्पाला साधं बहुमत पुरे, आणि वेळेत झाला नाही तर आमदारांचा पगार बंद. २०११ मध्ये खरोखरच पगार अडवले गेले. त्यानंतर ब्राऊनचा प्रत्येक अर्थसंकल्प वेळेत. त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तरी हे घडलं असतं. वर २०१२ पासून शेअर बाजार चढला, फेसबुकचे शेअर बाजारात आले, श्रीमंतांच्या आयकराचा पूर आला.

मिठागर
गणितींना अनुमोदन. पण मुळात हा गुंता तयार कसा झाला हे कोणीच लिहिलं नाही. १९७८ चं प्रॉप १३!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घरपट्टी घराच्या किमतीच्या १ टक्का, पण किंमत धरायची १९७५ ची. नंतर विकत घेतलं असेल तर खरेदीच्या वेळची. त्यात वर्षाला फार तर २ टक्के वाढ. घर विकलं की नव्या किमतीने आकारणी. आम्ही फ्रीमाँटमध्ये घर घेतलं तेव्हा शेजारच्या आजींच्या आणि आमच्या घराचा नकाशा एकच, भिंतींचा रंगसुद्धा एकच. त्यांची घरपट्टी आमच्या दहाव्या हिश्शाहून कमी. आजी फार गोड होत्या, आमच्या मुलीला विणायला शिकवलं त्यांनी. पण रस्ता, शाळा, अग्निशमन दल सगळं सारखंच वापरायचं आणि पैसे आम्ही दहापट भरायचे.

हे ब्राऊनच्या काळात झालं. ७० च्या दशकात महागाईने घरांच्या किमती चढत होत्या, म्हाताऱ्या लोकांना घरपट्टी झेपत नव्हती, आणि राजधानीत, सॅक्रामेंटोला, ब्राऊनने सुमारे ५ अब्ज डॉलर शिल्लक ठेवलेली. काटकसरीचं कौतुक करून घेत बसला. त्यातले वेळेवर वाटले असते तर लोक भडकले नसते. मतदानात ६५ टक्के लोकांनी प्रॉप १३ ला होकार दिला. आधी विरोध करणारा ब्राऊन दुसऱ्या दिवसापासून ते इतक्या उत्साहाने राबवायला लागला की लोकांना वाटलं ह्याचीच कल्पना होती, आणि नोव्हेंबरमध्ये दणदणीत मतांनी परत निवडून आला. करवाढीला दोन-तृतीयांश मतांची अटही त्यातच आली. २०११ मध्ये त्याने जे निस्तरलं, त्यातलं बरंचसं त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीतलं होतं.

टिंबटिंब
म्हणजे ज्याने गाठ मारली त्यालाच सोडवायला बोलावलं. निदान गाठ कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं!

वाटसरू९
थोडं अवांतर. अख्ख्या अमेरिकेत सर्वात जास्त काळ गव्हर्नर राहिलेला माणूस आयोवाचा टेरी ब्रॅनस्टॅड. १९८३ ते १९९९, मग २०११ ते २०१७, एकूण २२ वर्षांहून जास्त. त्यानेही मध्ये खंड घेतला आणि ब्राऊनबरोबर त्याच महिन्यात परत आला. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या जॉर्ज क्लिंटनचा, म्हणजे थेट वॉशिंग्टनच्या काळातल्या माणसाचा विक्रम मोडला. १९८५ मध्ये हेबेइ प्रांतातला एक तरुण चिनी अधिकारी शेती बघायला आयोवात आला होता. ब्रॅनस्टॅडने त्याची भेट घेतली. तो शी जिनपिंग. २०१७ मध्ये ब्रॅनस्टॅड चीनमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला.

पिंपळपान
@वाटसरू९, ह्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

@गणिती, प्रॉप २५ चा मुद्दा वजनदार आहे. पण त्याने फक्त खर्च मंजूर करणं सोपं झालं. करवाढीला दोन-तृतीयांश कायमच होते. सुमारे २७ अब्जांची तूट होती. ब्राऊनने आधी कात्री लावली, सरकारी खर्चाने दिलेल्या मोबाइलपैकी निम्मे, जवळपास ४८,०००, परत मागवले, शाळा-कॉलेजांचे पैसे कापले, आणि मग २०१२ मध्ये प्रॉप ३० घेऊन स्वतः मतदारांकडे गेला. विक्रीकर पाव टक्का वाढवा, अडीच लाखांवर उत्पन्न असणाऱ्यांचा आयकर वाढवा, नाहीतर शाळांना आणखी कात्री लागेल. ५५ टक्के मतं मिळाली. कॅलिफोर्नियाच्या मतदाराने स्वतःहून करवाढ स्वीकारावी हे कोणालाही जमलं असतं असं मला नाही वाटत. आधी कापून दाखवलं म्हणून लोकांनी विश्वास ठेवला.

जुनी_वही
वडिलांचा उल्लेख नाही म्हणून लिहिते. पॅट ब्राऊन १९५९ ते १९६७ गव्हर्नर होते. राज्याचा मोठा पाणीप्रकल्प, १९६० चा उच्चशिक्षणाचा आराखडा, हमरस्ते, सगळं त्यांचं. १९६६ मध्ये रेगनने त्यांना हरवलं. मुलगा १८ व्या वर्षी लॉस गॅटोसच्या जेझुइट मठात दाखल झाला, पाद्री व्हायला. १९६० च्या सुरुवातीला तिथून बाहेर पडून बर्कलीत ग्रीक-लॅटिन शिकू लागला.

त्याच फेब्रुवारीत कॅरिल चेसमन नावाच्या कैद्याची फाशी ठरली होती. त्याने कोणाचा जीव घेतला नव्हता, तुरुंगातून पुस्तकं लिहून तो जगभर गाजलेला. आदल्या संध्याकाळी जेरीने वडिलांना फोन केला आणि थांबवा म्हणून विनवलं. वडील म्हणत होते आपल्या हातात काही नाही. शेवटी त्यांनी ६० दिवसांची स्थगिती दिली. मे महिन्यात चेसमनला मारलंच, पण त्या एका निर्णयाने पॅट ब्राऊन यांचं राजकारण खिळखिळं झालं. २१ वर्षांच्या पोराने फोनवर बापाला असं सांगावं आणि बापाने ऐकावं, हे वाचल्यापासून मला ते दोघेही फार जवळचे वाटतात. १९७७ मध्ये स्वतः गव्हर्नर असताना जेरीने फाशीचा कायदा नाकारला. विधिमंडळाने त्याचा व्हेटो उलटवला.

डावखुरा
जुनी_वही, म्हणूनच माझा राग जास्त आहे. फाशीला आयुष्यभर विरोध, आणि २०१९ मध्ये निघताना ७०० हून जास्त माणसं मृत्युदंडाच्या कोठडीत तशीच. फाशी स्थगित केली ती त्याच्यानंतर गव्हर्नर झालेल्या गॅव्हिन न्यूसमने, दोन महिन्यांनी.

मी एका राज्य कारागृहात आठवड्यातून एकदा गणित शिकवायला जातो. १९७६ मध्ये ह्याच ब्राऊनने ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा कायदा सही केला. हेतू चांगला होता. पॅरोल मंडळं मनमानी करायची, काळ्यांना जास्त काळ डांबायची. पण मुदत कायद्यात लिहिली की पुढचा प्रत्येक आमदार ती वाढवत जातो. तेव्हा वीसेक हजार कैदी होते, २००६ मध्ये १,७०,००० च्या वर. व्यायामशाळेत तीन मजली खाटा लावलेल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैदी कमी करा असा आदेश दिला, त्या खटल्याच्या नावात ब्राऊनचंच नाव आहे.

त्याच्या बाजूने एवढं नक्की सांगेन की २०१६ मध्ये प्रॉप ५७ त्याने स्वतः मतदारांपुढे नेलं. शिकलं, सुधारलं तर लवकर सुटण्याची संधी. त्यानंतर माझ्या वर्गात खुर्च्या कमी पडायला लागल्या. पूर्वी अपूर्णांकांना कंटाळणारा एक जण आता बीजगणिताची पुढची पाटी मागतो. हजाराहून जास्त लोकांना ब्राऊनने माफीही दिली. पण ते ७००?

जुनी_वही
@डावखुरा, २०१२ आणि २०१६ मध्ये मतदारांनी फाशी रद्द करायला दोनदा नकार दिला होता. मतदारांचा कौल डावलून सही करणं त्याला योग्य वाटलं नसावं. मला पटतं असं नाही, पण हे ढोंग नव्हतं.

कोरडवाहू
मी फ्रेझ्नोजवळ बदामाच्या बागांचं सिंचन बघतो, घर जतचं. म्हणून पाण्यावर बोलतो.

१ एप्रिल २०१५ ला ब्राऊन सिएराच्या डोंगरात फिलिप्स स्टेशनला गेला. तिथे दरवर्षी त्या दिवशी बर्फात नळी खुपसून खोली मोजतात, कारण उन्हाळ्याचं पाणी तेच. त्या वर्षी तिथे सुकं गवत होतं. राज्यभर मिळून नेहमीच्या ५ टक्के बर्फ. त्या गवतावर उभं राहून त्याने शहरांना २५ टक्के पाणीकपातीचा आदेश दिला, राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच. लॉन वाळले, लोक अंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालायला लागले.

शहरवाले म्हणाले, माणसं वापरतात त्यातलं ८० टक्के पाणी शेतीला जातं, त्यांना का सोडलं? रास्त प्रश्न. पण कालव्याचं पाणी आमच्याकडे आधीच तोडलेलं होतं. बागाईतदार बोअर खोल खोल नेत होते. शेजारच्या गावात घरांच्या विहिरी आटल्या, दारात टाक्या ठेवून पाणी द्यावं लागलं. जतला टँकरमागे धावलेल्या माणसाला इथे, जगातल्या सर्वात श्रीमंत राज्यात, तेच बघावं लागलं.

ब्राऊनचं माझ्या मते सर्वात मोठं काम त्याच्या सहा महिने आधीचं, सप्टेंबर २०१४ चा भूजल कायदा. तोवर कॅलिफोर्नियात जमीन तुमची तर खालचं पाणी जवळपास हवं तेवढं उपसा. पहिल्या टर्ममध्ये त्याला हे जमलं नव्हतं.

पहिल्या ब्राऊनलाही एक श्रेय द्या. १९७५ मध्ये शेतमजुरांना युनियन निवडायचा हक्क देणारा कायदा त्याने केला. त्याच वर्षी आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली. त्या खुरप्याने दिवसभर कंबरेत वाकून लेट्यूसची विरळणी करावी लागे. वाकलेला मजूर काम करतोय हे मुकादमाला लांबून दिसावं, एवढाच त्याचा उपयोग. साठी-सत्तरीतले मेक्सिकन मजूर अजून त्या पाठी घेऊन फिरतात.

टिंबटिंब
कोरडवाहू, सलाम. हे खुरप्याचं कुठेच वाचलं नव्हतं.

रातराणी
मी सॅक्रामेंटो भागात हॉस्पिस नर्स आहे, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्राऊनने इच्छामरणाचा कायदा सही केला. मरणासन्न रुग्ण डॉक्टरकडून औषध लिहून घेऊ शकतो, घ्यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. हा माणूस मठात राहिलेला, आणि चर्चचा कडवा विरोध. सहीबरोबर त्याने एक छोटं पत्र जोडलं. दोन्ही बाजू वाचल्या, डॉक्टर मित्रांशी, एका बिशपशी बोललो असं त्यात आहे. आणि शेवटी असं की मी स्वतः दीर्घ वेदनेत मरत असेन तर काय करीन हे मला माहीत नाही, पण हा पर्याय हाताशी असणं मला धीर देईल, आणि तो हक्क मी इतरांना नाकारणार नाही.

माझ्या एका रुग्णाने, निवृत्त शिक्षक होते, ते औषध घेऊन कपाटात ठेवलं आणि वापरलंच नाही. शेवटचे आठवडे शांतपणे काढले. आहे, एवढं पुरेसं होतं त्यांना. धाग्यात हिशेब बराच झाला, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

शेवंती
रातराणी, वाचून गलबलले. तुमच्या कामाला दंडवत.

आबा_सनीव्हेल
दुसऱ्या ब्राऊनबद्दल लिहितो म्हणालो होतो. पहिल्या वेळी निळी प्लिमथ गाडी, गव्हर्नरचा बंगला नाकारून भाड्याच्या खोलीत जमिनीवर गादी, गायिका लिंडा रॉनस्टॅटबरोबर फोटो. पेपरवाले त्याला 'मूनबीम' म्हणायचे, उपग्रहांच्या गोष्टी करतो म्हणून. आता मागे वळून बघतो तर त्याच वेड्या सरकारने १९७८ मध्ये इमारतींसाठी वीजबचतीचे नियम आणले, फ्रीजला कमी वीज लागली पाहिजे असा नियम केला. माणशी विजेचा वापर त्यानंतर कित्येक दशकं जवळपास तिथेच राहिला, बाकी देशात वाढत गेला. आणि २०१८ मध्ये त्यानेच २०४५ पर्यंत पूर्ण कार्बनमुक्त विजेचा कायदा सही केला. माणूस तोच होता. आम्हाला ऐकू यायला चाळीस वर्षं लागली.

मिठागर
आबा, ते सगळं खरं, पण घरांचं काय? शहरांच्या पुनर्विकास संस्था २०११ मध्ये बंद केल्या, जवळपास ४०० होत्या. तूट भरली, पण परवडणाऱ्या घरांचा पैसा गेला. घरांची विधेयकं आली २०१७ मध्ये, निघायच्या वेळी. आणि प्रॉप १३ ला दुसऱ्या आठ वर्षांत हात लावला नाही. एवढी लोकप्रियता गाठीशी असताना त्याने नाही तर कोणी लावायचा?

पिंपळपान
@मिठागर, घरांबाबत मी त्याची बाजू घेणार नाही.

पण त्या संस्थांमुळेच मला मूळ प्रश्नाकडे येता येतं. मी २००१ पासून ओकलंडला आहे. मी आलो तेव्हा डाउनटाउनमध्ये संध्याकाळी सहानंतर माणूस दिसत नसे. ब्राऊन महापौर, जॅक लंडन स्क्वेअरजवळच्या एका गोदामात राहणारा. डाउनटाउनमध्ये दहा हजार लोकांना राहायला आणायचं त्याने ठरवलं. बिल्डरांना बोलावलं, पर्यावरणाच्या नियमांतून सूट मागितली, जुने समर्थक संतापले. दोन शाळा काढल्या, एक लष्करी शिस्तीची, एक कलेची. वर्षानुवर्षं बंद पडलेलं फॉक्स थिएटर पुढे २००९ मध्ये उघडलं, ती कलाशाळा त्याच इमारतीत आहे. ह्या सगळ्याला त्या पुनर्विकासाच्या पैशाचा आधार होता. ते कसे चालतात, कुठे गळतात हे त्याने आतून पाहिलं होतं. म्हणून पुढे आपल्याच आवडत्या योजनेवर कुऱ्हाड घालताना त्याला कोणी आकडे समजावून सांगायची गरज पडली नाही. गणिती, नियम बदलले म्हणून दार उघडलं, हे मान्य. पण आत शिरल्यावर काय तोडायचं आणि काय ठेवायचं हे प्रॉप २५ मध्ये लिहिलेलं नव्हतं.

गणिती
एवढं मान्य करायला हरकत नाही. एक मुद्दा तुमच्या बाजूने मीच देतो. कॅलिफोर्नियाचा जवळपास निम्मा आयकर वरच्या १ टक्का लोकांकडून येतो, त्यामुळे तेजीत पैसा ओसंडतो आणि मंदीत तळ दिसतो. २०१४ च्या प्रॉप २ ने तेजीचा पैसा सक्तीने राखीव निधीत टाकायला लावला. २०१९ मध्ये न्यूसमच्या हाती सुमारे १४ अब्ज डॉलर राखीव ठेवून तो गेला. पहिल्या वेळी पाच अब्ज नुसते साठवले आणि प्रॉप १३ अंगावर आलं. दुसऱ्या वेळी ते कशासाठी आहेत हे राज्यघटनेतच लिहून घेतलं. हे मात्र अनुभवाशिवाय सुचत नाही.

वाटसरू९
आता कुठे असतो तो?

जुनी_वही
कोलुसा काउंटीत, पणजोबांच्या जमिनीवर. पणजोबा १८५२ मध्ये जर्मनीहून आले होते. बायको ॲन गस्टबरोबर तिथे घर बांधलंय, सौर विजेवर चालतं.

टिंबटिंब
कोरडवाहू, त्या भूजल कायद्याचं पुढे काय झालं? उपसा थांबला का?

कोरडवाहू
एका रात्रीत थांबणारा नाही. कायद्याने ज्या खोऱ्यांत सर्वात जास्त उपसा आहे त्यांना २०४० पर्यंत मुदत दिली आहे. आमचं त्यातलंच. स्थानिक मंडळं बसवून त्यांनी आराखडे करायचे, नाही जमलं तर राज्य हातात घेणार. आमच्याकडे आता बोअरवर मीटर बसतायत, काही बागाईतदारांनी कडेच्या बागा काढून जमीन पडीक ठेवलीय. उद्या एका ठिकाणी मीटरची जोडणी तपासायला जायचंय, तिथले आकडे आणि फोटो मिळाले तर नवीन धागा काढून टाकतो. वाटसरू, तुमचा ब्रॅनस्टॅडचा धागा त्याआधी येऊ द्या.